‘ऑडिओस्लेव्ह’: पासष्ट मिनिटांचा पहिला अल्बम

गिटारच्या तारांवर पेन्सिलीने टकटक करून तो आवाज डिले पेडलमधून, म्हणजे प्रतिध्वनी काढणाऱ्या पायाखालच्या यंत्रातून, सोडला की दुरून हेलिकॉप्टर येत असल्याचा भास होतो. गिटारवादक टॉम मोरेलोने ‘कोचीस’ या गाण्याच्या सुरुवातीला नेमके हेच केले आहे. ते हेलिकॉप्टर हळूहळू जवळ येते, त्याच्याखाली बास आणि ड्रम यांची धडधड सुरू होते आणि ऐकणाऱ्याने श्वास रोखून धरलेला असतानाच रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा फिरणारी ती जाडजूड धून, अंगावर कोसळते. गायक मात्र अजून आलेलाच नसतो. क्रिस कॉर्नेल तोंड उघडतो तोवर जवळपास मिनिटभर निघून गेलेले असते. नोव्हेंबर २००२ मध्ये ‘ऑडिओस्लेव्ह’ या बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम बाजारात आला, तेव्हा ही दिरंगाई मला मुद्दाम रचल्यासारखी वाटली होती. कारण त्याआधीची दोनेक वर्षे रॉक ऐकणारी मंडळी हेच करत होती. या तिघांच्या वाद्यांवर हा गळा बसतो तरी कसा, याची वाट पाहत होती.

तिघे म्हणजे ‘रेज अगेन्स्ट द मशीन’मधले मोरेलो, बासवादक टिम कॉमरफोर्ड आणि ड्रमवादक ब्रॅड विल्क. ऑक्टोबर २००० मध्ये झॅक डे ला रोचा बँड सोडून गेला आणि हे तिघे गायकाविना उरले. झॅक रूढ अर्थाने गात नसे, तो रॅप करत असे. त्याच्या जागी दुसरा रॅपर आणला असता तर त्या बिचाऱ्याची रोज तुलना झाली असती आणि रोज तो हरला असता. ‘रेनेगेड्स’ या अल्बमवर रेजसोबत काम केलेल्या निर्माता रिक रुबिनने ही अडचण ओळखली आणि मध्यस्थाने स्थळ सुचवावे तसे कॉर्नेलचे नाव पुढे केले. कॉर्नेलचा ‘साउंडगार्डन’ हा बँड १९९७ मध्ये फुटला होता, १९९९ मध्ये त्याने स्वतःच्या नावावर एक अल्बम काढला होता आणि नंतर तोही मोकळाच होता. रुबिनने तिघांना साउंडगार्डनचे ‘स्लेव्ह्ज अँड बुलडोझर्स’ हे गाणे ऐकवले, असे सांगतात. ते गाणे ज्यांनी ऐकले आहे त्यांना एवढेच पुरेसे का ठरले असेल हे सांगायला नको, कारण त्यात कॉर्नेल जिथे आवाज चढवतो तिथे बहुतेक गायकांचा गळा साथ सोडून देतो. चौघे तालमीला बसले आणि एकोणीस दिवसांत एकवीस गाणी तयार झाली.

गाणी झाली, पण संसार उभा राहायला आणखी बराच काळ लागला. मे २००१ च्या अखेरीस ध्वनिमुद्रण सुरू झाले, तेव्हा तिघांची रेकॉर्ड कंपनी एपिक होती आणि कॉर्नेलची इंटरस्कोप. दोन्ही बाजूंचे व्यवस्थापकही वेगळे, आणि त्यांचे एकमेकांशी पटेना. मार्च २००२ मध्ये कॉर्नेल बँडमधून बाहेर पडला, त्या उन्हाळ्यातल्या ऑझफेस्ट दौऱ्यातून बँडला माघार घ्यावी लागली, आणि जन्मण्याआधीच मेलेला बँड म्हणून त्याच्या बातम्याही आल्या. सहा आठवड्यांनी तो परतला तो जुन्या व्यवस्थापकांना निरोप देऊनच. दोन कंपन्यांनी आळीपाळीने अल्बम काढायचे ठरले. एवढे निस्तरते न निस्तरते तोच मे महिन्यात तेरा कच्ची गाणी इंटरनेटवर फुटली, तीही ‘सिव्हिलियन’ या बँडच्या जुन्या नावाने. काही गाण्यांचे शब्द आणि गिटारचे सोलो तेव्हा वेगळे होते. आमच्याकडे पुण्यात मला ही गाणी प्रथम मिळाली ती मित्राने भरून दिलेल्या सीडीवर, आणि तिच्यावर निळ्या मार्करने लिहिलेली निम्मी नावे चुकीची होती. त्यामुळे खरा अल्बम हाती आल्यावर माझ्या कानांना आधी जुन्या चालीच विसराव्या लागल्या. पुढे लिव्हरपूलमध्ये ऑडिओस्लेव्ह नावाचा एक बँड आधीपासूनच असल्याचे निघाले आणि त्याच्याशी पैशांत तडजोड करून नाव पदरात पाडून घ्यावे लागले.

अशा प्रकरणांबद्दल जाणत्या श्रोत्यांच्या मनात मुळातच संशय असतो. नामवंत बँडमधली माणसे एकत्र येऊन काढलेल्या बँडला सुपरग्रुप म्हणतात, आणि या शब्दाचा इतिहास फारसा उजळ नाही. १९६९ च्या ‘ब्लाइंड फेथ’मध्ये एरिक क्लॅप्टन आणि स्टीव्ह विनवूड दोघेही होते, तरी तो बँड एका अल्बमपुढे गेला नाही. त्यात ऑडिओस्लेव्ह आला तो अगदीच अडनिड्या वेळी. ‘द स्ट्रोक्स’ आणि ‘द व्हाइट स्ट्राइप्स’ या बँडच्या उघड्यावाघड्या, घरगुती वाटणाऱ्या आवाजावर समीक्षक तेव्हा खूष होते, आणि इथे तर लाखो प्रती खपवलेले चार मोठे वादक, नामांकित निर्माता आणि दोन बलाढ्य कंपन्या अशी सगळी मोठी मोट बांधलेली. ‘पिचफोर्क’ या संगीतसमीक्षेच्या संकेतस्थळाने या अल्बमला दहापैकी १.७ गुण दिले. इतरांनी इतके कठोर व्हायचे टाळले, तरी ‘रेजच्या वाद्यांवर साउंडगार्डनचा गायक’ हे वाक्य या ना त्या रूपाने बहुतेक परीक्षणांत आले, आणि कॉर्नेलच्या शब्दांना अर्थ लागत नाही ही तक्रारही आली. विकत घेणाऱ्यांनी यातले काहीच मनावर घेतले नाही. पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत १ लाख ६२ हजार प्रती खपल्या, अल्बम बिलबोर्डच्या विक्रीच्या यादीत सातव्या क्रमांकावर उतरला आणि काही वर्षांत तिथे त्याला तिहेरी प्लॅटिनमचा, म्हणजे तीस लाख प्रतींचा, दर्जा मिळाला.

समीक्षकांचे म्हणणे मला निम्मे पटते. जोड दिसते हे खरे आहे, पण ती सगळीकडे सारखी दिसत नाही, आणि कुठे दिसते हे पाहिले तर का दिसते हेही कळते. मोरेलोच्या रिफ रॅपसाठी कापलेल्या असतात. तो दोन-तीन ठोस सूर वाजवतो, मग मोकळी जागा सोडतो, आणि त्या जागेत झॅकचे शब्द हातोडीसारखे पडत. म्हणजे रेजमध्ये गायक हाच एक तालवाद्य होता. कॉर्नेल तसा गाऊच शकत नाही. त्याचा स्वर लांबतो, वळतो, तार सप्तकात जाऊन तिथेच रेंगाळतो, आणि त्यामुळे रिफने सोडलेली जागा तो शब्दांनी ठोकण्याऐवजी आवाजाने भरून टाकतो. रिफची धार त्याबरोबर बोथट होते. ‘सेट इट ऑफ’ आणि ‘एक्सप्लोडर’ या गाण्यांत हे स्पष्ट ऐकू येते: वादक एका खोलीत आहेत, गायक शेजारच्या खोलीत, आणि मधले दार कोणीतरी उघडे ठेवले आहे. ‘गॅसोलीन’ची सुरुवात झकास आहे, पण ते गाणे जिथून निघते तिथेच घुटमळत राहते.

‘कोचीस’ला हा नियम लागू होत नाही, कारण त्याची रिफ रुंद आणि सत्तरीच्या दशकातली आहे. अपाची जमातीच्या लढवय्या नेत्याचे नाव गाण्याला मोरेलोने दिले, गाण्यात त्याचा उल्लेख नाही. कोणी त्या दशकातल्या लेड झेपेलिन या बँडची आठवण काढली तर मी वाद घालणार नाही. त्याची चित्रफीत मार्क रोमॅनेकने लॉस एंजेलिसमधल्या सेपुल्वेडा धरणाजवळ केली, आणि तिच्यात उंच लोखंडी मनोऱ्यावर वाजवणाऱ्या चौघांभोवती इतकी आतषबाजी आहे की गाण्याकडे लक्ष जाणे कठीण व्हावे. ‘शो मी हाऊ टू लिव्ह’ही तगडे आहे. ज्याने घडवले त्यालाच ‘आता जगायचे कसे तेही दाखव’ असे बजावणारे ते गाणे कॉर्नेल विनवणी आणि धमकी यांच्या मधोमध गातो, आणि अल्बम पूर्ण झाला त्याच सुमारास तो व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला होता हे माहीत असेल तर ते आणखी टोचते.

पण या अल्बमचे खरे धन संथ गाण्यांत आहे, आणि हे २००२ मध्ये फारसे कोणी म्हटले नाही. रेजच्या तिघांकडून संथ गाण्यांची अपेक्षाच कोणी केली नव्हती, कारण त्या बँडमध्ये त्यांना तशी संधी क्वचितच मिळाली होती. ‘लाइक अ स्टोन’मध्ये मोरेलो जवळजवळ काहीच करत नाही, आणि ते न करणे इतके नेमके आहे की पहिल्यांदा ऐकताना गिटारवादक बदलला की काय असे वाटावे. गाण्याचा भार कॉमरफोर्डच्या बासवर आहे. विल्क ठेका धरून बसतो, कुठेही कलाकुसर करत नाही. रिकाम्या घरात बसून मृत्यूची, किंवा मृत्यूनंतरच्या भेटीची, वाट पाहणारा माणूस कॉर्नेल मंद्र सप्तकात उभा करतो. ध्रुवपदात तो वर जातो, पण ओरडत नाही. मग सोलो येतो. मोरेलो त्यात व्हॅमी पेडल वापरतो. पायाने दाबल्यावर गिटारचा सूर एका झटक्यात सप्तकभर वर उडवणारे हे यंत्र एरवी त्याने सायरन आणि किंकाळ्या काढण्यासाठी वापरलेले आहे. इथे त्याच यंत्राने तो रडणारी सुरावट काढतो. सूर उंच झेप घेतो, खाली येतो, पुन्हा झेप घेतो. यांत्रिकपणा लपत नाही आणि तरीही घसा दाटून येतो. माझ्या मते अल्बममधले सर्वांत शहाणपणाचे काम त्यानंतर लगेच घडते. सोलो संपताच सगळी वाद्ये मागे सरतात आणि कॉर्नेल शेवटचे कडवे जवळजवळ कानात सांगितल्यासारखे म्हणतो. एवढा मोठा सोलो झाल्यावर बहुतेक बँड आणखी मोठ्याने परततात, हे थांबतात. अमेरिकेतल्या रॉकच्या दोन्ही प्रमुख याद्यांत हे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले आणि त्याला ग्रॅमीचे नामांकनही मिळाले. आपल्याकडे आजही कोणी नवशिका अकूस्टिक गिटार घेऊन बसला की चौथे-पाचवे गाणे हेच वाजवतो. त्याचा दोष गाण्याला देऊ नये.

‘आय अ‍ॅम द हायवे’ त्याहून साधे आहे. अकूस्टिक गिटार, मोकळी लय आणि ‘मी हे नाही, ते आहे’ असे नकारांतून स्वतःची ओळख सांगणारे ध्रुवपद. ‘शॅडो ऑन द सन’ मात्र माझे सर्वांत आवडते, आणि पावणेसहा मिनिटांचे असूनही लांबलेले वाटत नाही असे या अल्बममधले हे एकमेव दीर्घ गाणे आहे. ते इतक्या हळू सुरू होते की आवाज वाढवण्यासाठी हात पुढे जातो. तो वाढवू नये, कारण पुढे पश्चात्ताप होतो. मायकेल मानच्या २००४ च्या ‘कोलॅटरल’ या चित्रपटात मध्यरात्री टॅक्सीसमोरून एक कोयोट, म्हणजे लांडग्यासारखा रानटी प्राणी, शांतपणे रस्ता ओलांडतो, आतले दोघे त्याच्याकडे नुसते पाहत राहतात आणि मागे हे गाणे वाजते. दिग्दर्शकाने गाण्यातले नेमके काय उचलले ते त्या प्रसंगात कळते: धोका आहे, पण घाई नाही.

रेजची गाणी उघड राजकीय असत. ते राजकारण कुठे गेले, हा प्रश्न रेजच्या चाहत्यांनी तेव्हा फार पोटतिडकीने विचारला, आणि तो रास्त होता. इराक युद्धाचे ढग जमत असताना रेजचे तीन चतुर्थांश लोक एकत्र वाजवत होते आणि गाण्यांत त्याचा मागमूसही नव्हता. कॉर्नेलची भूमिका पहिल्यापासून स्पष्ट होती की दुसऱ्याच्या घोषणा तो आपल्या तोंडी घेणार नाही. मोरेलोने त्यासाठी वेगळी वाट काढली. त्याच वर्षी त्याने ‘सिस्टम ऑफ अ डाउन’ या बँडच्या सर्ज टँकियनसोबत ‘अ‍ॅक्सिस ऑफ जस्टिस’ ही संस्था उभी केली आणि पुढे ‘द नाइटवॉचमन’ या नावाने तो एकट्याने निषेधगीते गाऊ लागला. मला ही वाटणी प्रामाणिक वाटते. उसन्या रागाने गायलेला कॉर्नेल कोणालाच नको होता. शब्दांच्या दुर्बोधतेची तक्रार मात्र पूर्णपणे खोडून काढता येत नाही. ‘हिप्नोटाइझ’ आणि ‘ब्रिंग एम बॅक अलाइव्ह’ यांचे शब्द मी वीस वर्षे ऐकतो आहे आणि त्यांचा एकसंध अर्थ मला आजही लागलेला नाही. तो गायकाच्या घशातून येतो तेव्हा खरा वाटतो, कागदावर वाचला की विरतो.

मोठा दोष लांबीचा आहे. चौदा गाणी आणि पासष्ट मिनिटे हा सीडीच्या जमान्याचा आजार होता. तबकडीवर जागा आहे म्हणजे ती भरलीच पाहिजे असा तो हिशेब. एकोणीस दिवसांत एकवीस गाणी झाली ही कौतुकाची गोष्ट खरी, पण त्यातली चौदा ठेवण्याऐवजी दहा ठेवली असती तर समीक्षकांच्या हातातले अर्धे दगड आपोआप गळून पडले असते. वाद्यांच्या पातळ्या जुळवण्याचे काम रिच कॉस्टीने केले आहे. मोठ्याने वाजणाऱ्या गाण्यांत सगळे काही सतत पुढ्यातच असते, त्यामुळे हेडफोन लावून सलग ऐकले तर आठव्या-नवव्या गाण्याच्या सुमारास कान थकतात. स्पीकरवर, थोड्या अंतरावरून ऐकावे. विल्कचा बास ड्रम तेव्हाच छातीत जाणवतो. सीडीच्या पुस्तिकेत सगळे आवाज गिटार, बास, ड्रम आणि गळा यांतूनच काढले असल्याची जी ओळ आहे ती रेजच्या काळापासूनची सवय आहे, आणि ‘लाइट माय वे’ची विचित्र, उसळ्या मारणारी गिटार ऐकताना ती ओळ पुन्हा वाचून खात्री करून घ्यावीशी वाटते.

मुखपृष्ठाबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. ‘पिंक फ्लॉइड’च्या मुखपृष्ठांमुळे ज्याचे नाव झाले त्या स्टॉर्म थॉर्गरसनने कॅनरी बेटांपैकी लॅन्झारोटे या ज्वालामुखीच्या बेटाची पार्श्वभूमी निवडली आणि त्या काळपट माळावर ज्योतीच्या आकाराचे धातूचे एक प्रचंड शिल्प उभे केले, ज्याच्यासमोर एक माणूस मुंगीएवढा दिसतो. सीडीच्या चौकोनी डबीत तो माणूस शोधावा लागतो. व्हिनाइलच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मोठ्या तबकडीच्या, जाकिटावर तो लगेच दिसतो, आणि केवळ मुखपृष्ठासाठी कोणाला व्हिनाइल घ्यायचे असेल तर मी अडवणार नाही. शिवाय दोन तबकड्यांमुळे मध्ये उठावे लागते, आणि या अल्बमला ती विश्रांती मानवते.

बँडने पहिला जाहीर कार्यक्रम नोव्हेंबर २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या एड सलिव्हन थिएटरच्या छतावर, डेव्हिड लेटरमनच्या टीव्हीवरील गप्पांच्या कार्यक्रमासाठी केला. पुढचे दोन अल्बम २००५ आणि २००६ मध्ये आले आणि २००७ च्या सुरुवातीला कॉर्नेल निघून गेला. मे २०१७ मध्ये त्याचा मृत्यू झाला. दुसरा अल्बम अधिक सफाईदार आहे, जोड त्यात दिसत नाही, आणि तो यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. तरीही चौघे एकमेकांना पहिल्यांदा चाचपून पाहत आहेत हे ज्यात ऐकू येते तो हाच, आणि म्हणून मी पुन्हा पुन्हा याच्याकडे येतो.

नव्याने ऐकणाऱ्याने पहिली पाच गाणी ओळीने ऐकावीत, तिथून ‘शॅडो ऑन द सन’ आणि ‘आय अ‍ॅम द हायवे’ गाठावे, आणि मधली तीन-चार गाणी दुसऱ्या दिवसासाठी ठेवावीत. बहुतेक लोक तिथेच थांबतात आणि तेराव्या गाण्यापर्यंत पोचत नाहीत. ‘गेटअवे कार’ हे ते गाणे; त्यात रिफ नाही, व्हॅमी पेडलची कसरत नाही, आरडाओरडा तर नाहीच. मोरेलो जुन्या सोल संगीतातल्यासारखे मऊ, तुटक सूर वाजवतो, विल्क जेमतेम ठेका दाखवतो, आणि कॉर्नेल दिवस संपल्यावर स्वयंपाकघरात एकटाच गुणगुणत असावा तसा गातो.